बर्फावरची हॉकी: टोरांटोतली एक शनिवारची रात्र

टोरांटोला लेकीकडे किंवा मुलाकडे आलेल्या आईवडिलांना नायगारा दाखवतात, सीएन टॉवरवर नेतात, देवळात नेतात. हॉकीचा सामना मात्र सहसा दाखवत नाहीत. तिकीट महाग, थंडी कडाक्याची, आणि नियम काही कळणार नाहीत असं घरच्यांनीच ठरवून टाकलेलं असतं. मला तो बघायचाच होता. मी पुण्यात शाळेत क्रीडाशिक्षिका होते आणि त्याआधी कॉलेजकडून व जिल्ह्याकडून हॉकी खेळले, राइट हाफच्या जागेवर, मुरमाच्या मैदानावर. 1982 च्या दिल्ली आशियाडमध्ये आपल्या महिला संघानं सुवर्णपदक जिंकलं तेव्हा कर्णधार पुण्याच्याच एलिझा नेल्सन होत्या. आमच्यासारख्या मुलींना त्या बातमीनं किती बळ दिलं ते शब्दांत सांगता येणार नाही. आता माझी दहा वर्षांची नात टोरांटोशेजारच्या मिसिसागातल्या मुलींच्या संघातून बर्फावर खेळते. तिच्या सरावाला पहाटे रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, जाऊन बसायला लागले, तेव्हापासून मनात होतं की पोटापाण्यासाठी हा खेळ खेळणाऱ्यांना एकदा समोर बसून बघायचं.

तिकिटाचं आधी सांगते, कारण बहुतेकांचं घोडं तिथंच अडतं. मेपल लीफ्स हा टोरांटोचा संघ. त्यांची पूर्ण हंगामाची तिकिटं पिढ्यान्‌पिढ्या त्याच घराण्यांकडे आणि कंपन्यांकडे आहेत. आपल्यासारख्या पाहुण्याच्या हाती येतं ते बहुधा कुणीतरी पुन्हा विकायला काढलेलं तिकीट. वरच्या मजल्यावरचं तिकीटही बऱ्याचदा शंभर कॅनडियन डॉलरच्या वर असतं. शनिवारी किंवा समोर जुना प्रतिस्पर्धी माँट्रियल असेल तेव्हा भाव आणखी चढतो. हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल. त्यातला सोमवार-मंगळवारचा, फारशा चुरशीचा नसलेला सामना निवडला तर बरंच स्वस्त पडतं आणि सामन्याचा दिवस जवळ आला की भाव कधी कधी उतरतातही. सप्टेंबरात आलात तर हंगामपूर्व सामने मिळतात, ते आणखी स्वस्त. इथले पुष्कळ लोक सरळ गाडी काढून सीमेपलीकडे बफेलोला जातात आणि तिथं लीफ्सचा सामना कमी पैशात बघतात. पण आपल्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा हवा आणि कॅनडात परत शिरण्याची परवानगीही हवी, म्हणून माझ्यासारखीला तो मार्ग नव्हता. जावयांनी आठवडाभर भाव बघत बघत चार तिकिटं घेतली. समोरचा संघ बफेलो सेबर्स. तिकीट कागदावर येत नाही, फोनमधल्या अॅपमध्येच असतं, आणि दारावर त्याचा स्क्रीनशॉट चालत नाही. म्हणून फोन पूर्ण चार्ज करून न्या. आत पैशांचा व्यवहारही कार्डानंच होतो.

जागा घेताना जावयांना मी एकच सांगितलं होतं, मैदानाभोवतीच्या काचेजवळची नको. मैदान वाचायचं तर उंचावरून. शंभरच्या आकड्यातले विभाग खालचे, तीनशेच्या आकड्यातले सर्वांत वरचे, आणि मधल्या पातळीवर कंपन्यांच्या खासगी खोल्या. आमची जागा तीनशेतली होती, मधल्या रेषेच्या जरा डावीकडे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी एक लक्षात ठेवावं. वरच्या मजल्याच्या पायऱ्या फार चढ्या आहेत. वर नेणारे सरकते जिने आणि लिफ्ट आहेत, पण शेवटच्या काही पायऱ्या आपल्याच पायांनी चढाव्या लागतात. रांगेच्या कडेची खुर्ची मागून घ्यावी आणि कोट-टोपी-हातमोजे एका हातात धरून दुसरा हात मोकळा ठेवावा.

जायला ट्रेनसारखं सुख नाही. मिसिसागातल्या पोर्ट क्रेडिट स्टेशनवरून गो ट्रेननं, म्हणजे इथल्या उपनगरी गाडीनं, अर्ध्या तासात टोरांटोचं मुख्य युनियन स्टेशन. डब्यात निम्मी माणसं निळ्या-पांढऱ्या जर्सीत. कुणाच्या पाठीवर आजच्या खेळाडूचं नाव, कुणाच्या पाठीवर तीस वर्षांपूर्वीच्या. युनियन स्टेशन 1927 साली सुरू झालं आणि त्याच वर्षी या संघाला मेपल लीफ्स हे नाव मिळालं. संघ त्याहून दहा वर्षांनी जुना. स्टेशनाच्या मोठ्या दालनात उभं राहून वर बघायला पाच मिनिटं काढा, दगडी कमानी आणि भिंतींवर कोरलेली कॅनडातल्या शहरांची नावं बघण्यासारखी आहेत. तिथून स्टेडियमपर्यंत उघड्यावर यावंच लागत नाही. टोरांटोच्या मध्यवस्तीखाली तीस किलोमीटरहून लांब पादचारी मार्गांचं जाळं आहे, त्याला पाथ म्हणतात. स्टेशनातून तसंच आतल्या आत चालत गेलं की स्कोशियाबँक अरीनाच्या दारात. जानेवारीत बाहेर पारा उणे दहाच्या खाली असताना याचं मोल कळतं.

तरीही मी हट्टानं बाहेरून एक फेरी मारली. ही इमारत 1999 साली उघडली. तेव्हा तिचं नाव एअर कॅनडा सेंटर होतं, 2018 पासून आताचं. पण तिच्या दोन बाजूंच्या भिंती जुन्या टपाल इमारतीच्या आहेत. सगळं पाडून नवं न बांधता त्या जपल्या आणि त्यांच्यामागे स्टेडियम उभं केलं. त्या दगडांवर दळणवळणाचा इतिहास कोरलेला आहे, त्यात जहाज आहे, विमान आहे. पश्चिमेच्या चौकात दगडी बाकावर संघाच्या जुन्या थोर खेळाडूंचे काशाचे पुतळे, काही बाकावर बसलेले, काही बाक ओलांडून मैदानात उतरण्याच्या पवित्र्यात. गोलरक्षक जॉनी बाऊअर त्यांच्यात आहे. कारकिर्दीचा बहुतेक काळ तो चेहऱ्यावर कसलाही मुखवटा न घालता गोलपुढे उभा राहिला. नातीनं मला हे सांगितलं तेव्हा ती स्वतःच गाल चोळत होती. तिथंच भिंतीवर मोठा पडदा आहे. एप्रिलमध्ये बाद फेरीचे सामने सुरू झाले की ज्यांना तिकीट मिळत नाही ते हजारोंनी या चौकात उभे राहून सामना बघतात.

दारं सामन्याच्या साधारण तासभर आधी उघडतात. सात वाजताचा सामना असेल तर सहाला दारात हजर राहा, ही माझी कळकळीची विनंती समजा. खेळाडू सुमारे अर्धा तास आधी सरावाला बर्फावर येतात आणि तो सराव म्हणजे निम्मं शिक्षण आहे. मोठी पर्स, पाठपिशवी नेऊ नका, तपासणीतच वेळ जातो. आत गेल्यावर खालच्या विभागाच्या दाराशी उभ्या असलेल्या स्वयंसेविकेला लेकीनं विचारलं, सराव संपेपर्यंत मुलीला काचेजवळ नेऊ का. तिनं हसून वाट दिली. आम्ही काचेला नाक लावून उभ्या राहिलो.

आणि मी थक्क झाले. माझ्या डोळ्यांना चेंडूची सवय. इथं पक, म्हणजे कडक रबराची चकती, एक इंच जाड आणि तीन इंच रुंद. वजन 156 ते 170 ग्रॅम. आपल्या हॉकीच्या चेंडूचं वजनही जवळपास तेवढंच असतं, 156 ते 163. म्हणजे मनगटाला ओझं ओळखीचं. पण पक उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात आणि तो बर्फावरून जातो तेव्हा घर्षण असं काही उरतच नाही. आपल्याकडे स्टिकची एकच सपाट बाजू वापरायची. उलटी बाजू लागली की शिट्टी. यांना दोन्ही बाजू मोकळ्या. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, पात्याच्या पुढून मागून पक असा फिरत होता की मी नुसती हात बघत राहिले. ज्यांनी ड्रिबल करायला वर्षं घातली आहेत त्यांनाच कळेल, पायाखाली पोलादी पातं असताना, पुढे न बघता, उलटं घसरत जाऊन हे करणं काय असतं. एका खेळाडूनं नातीच्या हातातली पाटी बघितली आणि काचेवरून एक पक अलगद आत टाकला. तिच्या मागच्या लहान मुलानं तो उचलला. खेळाडूनं परत वळून आणखी एक टाकला, या वेळी बोटानं नातीकडे दाखवून.

वर आमच्या जागेवर शेजारी ब्रॅम्प्टनचं एक शीख कुटुंब होतं. आजोबा जालंधरकडचे, तरुणपणी तिकडे हॉकी खेळलेले. आमची हिंदीत गट्टी जमायला मिनिटही लागलं नाही. शनिवारी रात्री टीव्हीवर हॉकी बघणं हा इथला घरोघरचा रिवाज आणि 2008 पासून त्याचं पंजाबीतूनही समालोचन होतं. आजोबा म्हणाले, घरी मी पंजाबीतच ऐकतो, इथं आलो की कानात काही नको, फक्त बर्फाचा आवाज हवा. तो आवाज टीव्हीवर खरंच येत नाही. पात्यांची खरखर, पक मैदानाच्या कडेच्या फळीवर आदळल्याचा ठोका, दोन माणसं पूर्ण वेगात काचेवर आपटली की सगळ्या विभागात जाणवणारा हादरा.

समोर अमेरिकन संघ असला की दोन्ही देशांची राष्ट्रगीतं होतात. टोप्या काढून सगळे उभे राहतात. कॅनडाच्या राष्ट्रगीताला गायिकेनं मध्येच ध्वनिक्षेपक खाली घेतला आणि जवळपास एकोणीस हजार माणसांनी उरलेलं गाणं म्हटलं.

आता खेळ. प्रत्येकी सहा जण बर्फावर, त्यात एक गोलरक्षक. वीस वीस मिनिटांचे तीन भाग, आणि घड्याळ प्रत्येक शिट्टीला थांबतं. त्यामुळे वीस मिनिटांचा भाग प्रत्यक्षात पस्तीस-चाळीस मिनिटं चालतो. सगळा मिळून अडीच तासांचा हिशेब धरा. सुरुवात बघून तर माझ्या अंगावर काटा आला. दोन खेळाडू समोरासमोर वाकून उभे, पंच मधोमध पक टाकतो आणि दोघं त्यासाठी झटतात. आम्ही खेळायला लागलो तेव्हा आपल्या हॉकीतही बुली होती, तीनदा स्टिकला स्टिक लावून चेंडूसाठी झटायचं. पुढे सुरुवातीची बुली गेली. इथं ती झटापट सामनाभर चालते, प्रत्येक थांब्यानंतर, आणि त्यात तरबेज असलेला खेळाडू संघाला सोन्यासारखा.

पहिल्यांदा जाणाऱ्याला सगळे सांगतात, पककडे बघ. माझं म्हणणं उलटं आहे. पकचा पाठलाग करू नका, तो निसटतोच. पाच मिनिटं फक्त संघाच्या बाकाकडे बघा. तिथं एक कठडा आहे आणि खेळ सुरू असतानाच त्यावरून माणसं उड्या मारून आत-बाहेर होतात. कुणी थांबत नाही, पंचाची परवानगी लागत नाही. एक खेळाडू साधारण पाऊण मिनिट जिवाच्या आकांतानं खेळतो आणि बाहेर येतो. पाऊण मिनिट! शाळेत मुलींना मी शंभर मीटरच्या फेऱ्या मारायला लावायची तेव्हा किती वेळ पूर्ण ताकद टिकते हे घड्याळ लावून बघितलेलं आहे, म्हणून हा आकडा मला लगेच पटला. तीन आघाडीचे एका तुकडीत, दोन बचावाचे एका जोडीत. कोणती तुकडी कुणासमोर पाठवायची हा प्रशिक्षकाचा सगळा डाव. यजमान संघाला इथं एक फायदा आहे, थांब्यानंतर आपले खेळाडू शेवटी पाठवण्याचा. म्हणजे समोर कोण उभं आहे ते बघून मग आपला मोहरा निवडायचा. माझ्या काळात बदली खेळाडू म्हणजे कुणीतरी जायबंदी झालं तरच. आपल्या हॉकीतही आता सतत अदलाबदल होते, पण खेळाचा श्वासच अदलाबदलीवर चालतो असं मी पहिल्यांदा इथं बघितलं.

हे कळलं की एक किचकट वाटणारा नियम आपोआप सुटतो. बचाव करणारा संघ दमला की आपल्या अर्ध्या भागातून पक सरळ समोरच्या टोकाला भिरकावून देतो. तो कुणालाही न लागता पलीकडच्या गोलरेषेपार गेला की आइसिंगची शिट्टी होते. पक परत त्यांच्याच गोलजवळ आणून टाकला जातो, आणि मुख्य शिक्षा ही की त्या संघाला तेव्हा खेळाडू बदलता येत नाहीत. छाती फुटेस्तोवर दमलेले तेच पाच जण, समोर ताजेतवाने पाच. बफेलोवर पहिला गोल नेमका असाच झाला. त्यांचा एक बचावपटू गुडघ्यांवर हात टेकून वाकला होता. नात म्हणाली, "आजी, आता बघ हं." पक खाली पडला, दोन पास, मागून एक जोरदार फटका, आणि गोलमागचा लाल दिवा लागला. भोंगा एवढा मोठा की लहान मुलांच्या कानांना संरक्षण लावून आणलेलं होतं त्याचं कारण समजलं.

ऑफसाइड मला समजावून घ्यावा लागला नाही. आपल्या हॉकीतून तो नव्वदच्या दशकात काढून टाकला, पण मी त्याच्याबरोबरच खेळले. इथं समोरच्या संघाचा भाग जिथं सुरू होतो त्या निळ्या रेषेच्या आत पक आधी गेला पाहिजे, माणूस नंतर. म्हणून आघाडीचे रेषेवर एक पाय मागे ठेवून, तोल सांभाळत, वाट बघत थांबतात. तो मागे रेंगाळणारा पाय वरच्या मजल्यावरून स्पष्ट दिसतो, काचेजवळून दिसला नसता. गोल मात्र कुठूनही मारता येतो. आपल्यासारखं डीच्या आत यायचं बंधन नाही. पण गोलपोस्ट आपल्यापेक्षा निम्मे रुंद, सहा फूट बाय चार फूट, आणि त्यात पॅड बांधून एक माणूस. नेम कुठे लावायचा? आणि आणखी एक गोष्ट, गोलच्या मागेही मैदान आहे. तिकडून पक आणून कडेनं आत घुसवतात. गोलरक्षकाला मागचं बघायचं की पुढचं, याचा निर्णय क्षणात घ्यायचा असतो.

मध्यंतर अठरा मिनिटांचं. तेव्हा सगळे एकदम उठतात आणि खाण्याच्या नि स्वच्छतागृहाच्या रांगा लागतात. शाकाहारी माणसाला पिझ्झा, पॉपकॉर्न, बटाट्याच्या तळलेल्या फोडी मिळतात. पूटीन नावाचा प्रकार, फोडींवर चीज नि दाट रस्सा, त्याचा रस्सा बहुतेकदा मांसाचा असतो, म्हणून विचारून घ्या. दर चढे आहेत. आम्ही घरून पोटभर जेवून निघालो होतो. मी जागेवरून हललेच नाही, कारण मला झांबोनी बघायचा होता. बर्फ दुरुस्त करणारं हे वाहन फ्रँक झांबोनी या गृहस्थानं कॅलिफोर्नियात 1949 साली बनवलं. ते बर्फाचा वरचा खरवडलेला थर तासतं आणि मागे गरम पाणी पसरतं. गरम पाण्यानं जुन्या चऱ्या जरा वितळून नव्या थराशी एकजीव होतात. दोन वाहनं गोल गोल फिरत गेली आणि मागे चकचकीत काळसर ओल उरली. बर्फाचा थर जेमतेम इंच-सव्वा इंच असतो. त्याच्या पोटात पांढरा रंग नि रेषा रंगवलेल्या असतात, कारण नुसता बर्फ पारदर्शक. याच बर्फावर झाकणं आणि लाकडी तक्ते टाकून दुसऱ्या दिवशी बास्केटबॉलचा सामनाही होतो. इतक्या पैशाच्या खेळात मैदान राखणाऱ्यांच्या कामाला लोक उभं राहून बघतात, हे मला फार आवडलं. आमच्या शाळेत सामन्याआधी पाणी मारून मुरूम दाबणाऱ्या मामांना असं कुणी कधी बघितलं नाही.

जागा सोडून गेलात तर परतताना घाई करू नका. खेळ सुरू असताना दाराशी थांबवतात, शिट्टी झाल्यावरच आत सोडतात. तुमच्यामुळे मागच्याचा गोल चुकू नये म्हणून. आपल्याकडच्या मैदानांवर हा रिवाज यायला हवा.

दुसऱ्या भागात शिक्षांचा पाऊस पडला. किरकोळ आगळिकीला दोन मिनिटं बाहेर बसायचं, संघ तेवढा वेळ गोलरक्षक सोडून चार जणांवर. समोरच्यांनी गोल केला तर शिक्षा तिथंच संपते. ही दोन मिनिटं म्हणजे खेळाची खरी परीक्षा. पाच जण अर्धवर्तुळात पसरून पक फिरवत राहतात आणि चौघं छोटा चौकोन करून फटक्यांपुढे स्वतःला झोकून देतात. एका खेळाडूनं घोट्यावर फटका घेतला, लंगडत उभा राहिला आणि दुसऱ्या फटक्यापुढे पुन्हा आडवा झाला. तेव्हा आख्खा वरचा मजला उभा राहून टाळ्या वाजवत होता. गोलच्या टाळ्यांइतक्याच मोठ्या. खाली शंभरच्या विभागात बऱ्याच खुर्च्या मध्यंतरानंतरही रिकाम्या होत्या, ती कंपन्यांची तिकिटं. खेळाची जाण असलेला प्रेक्षक वर बसतो, हे मी स्वतः बघून सांगते.

मारामारी झाली. हातमोजे टाकून दोघं एकमेकांना गुद्दे मारत होते आणि पंच बाजूला उभे. कुणीतरी खाली पडेपर्यंत ते मध्ये पडत नाहीत. मग दोघांना पाच पाच मिनिटं. माझ्या आजूबाजूला लोक आनंदानं ओरडत होते. मला ते मुळीच आवडलं नाही. धक्का मारून माणसाला पकपासून दूर करणं खेळाचा भाग आहे, त्यात कौशल्य आहे, वेळ साधावी लागते. गुद्द्यांत ते नाही. 1979 सालापर्यंत तर नव्या खेळाडूंनाही हेल्मेटची सक्ती नव्हती. डोक्याच्या दुखापतींबद्दल आज जे ठाऊक आहे ते ठाऊक असताना हे चालू ठेवू नये असं माझं ठाम मत आहे, आणि लेकीला मी ते तिथंच सांगितलं. नातीच्या खेळात अंगावर जाऊन धक्के मारायला मनाई आहे, तरी तिच्या पोरींचा वेग काही कमी नाही.

दोन्ही गोलांच्या मागे वर जाळी दिसते, तिच्यामुळे दिसायला अडचण होते अशी कुरकुर कधी कधी ऐकू येते. 2002 साली अमेरिकेत कोलंबसच्या सामन्यात भरकटलेला पक लागून तेरा वर्षांची एक मुलगी गेली. त्याच्या पुढच्या हंगामापासून ही जाळी सगळीकडे सक्तीची झाली. कडेच्या बाजूंना मात्र जाळी नाही. तिथं बसलात तर खेळ सुरू असताना फोनमध्ये मान घालू नका आणि मुलांना सावध ठेवा. पक शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या वेगानं येऊ शकतो.

दुसऱ्या मध्यंतरात शेजारच्या आजोबांनी छताकडे बोट दाखवलं. तिथं विजेतेपदांची निशाणं आणि निवृत्त केलेले आकडे, म्हणजे थोर खेळाडूंच्या जर्सीवरचे, पुन्हा कुणाला न देण्याचे आकडे, टांगलेले आहेत. विजेतेपदं तेरा, शेवटचं 1967 चं. त्यानंतर स्टॅनली चषक, म्हणजे या विजेतेपदाचा चषक, या शहरात आलेला नाही. तीन पिढ्यांनी वाट बघितली आणि तरी रोज स्टेडियम भरतं. पाच आकड्याखालचं नाव बिल बॅरिल्को. 1951 ची अंतिम मालिका माँट्रियलशी, पाच सामने झाले आणि पाचही जादा वेळेत गेले. पाचव्यात बॅरिल्कोनं निर्णायक गोल मारला. वय चोवीस. त्याच उन्हाळ्यात तो मित्राबरोबर छोट्या विमानानं उत्तरेला मासेमारीला गेला आणि विमानासकट नाहीसा झाला. पुढची अकरा वर्षं लीफ्सना चषक मिळाला नाही. 1962 च्या एप्रिलमध्ये तो मिळाला आणि काही आठवड्यांतच, जूनमध्ये, उत्तर ऑन्टारिओच्या रानात विमानाचे अवशेष सापडले. आजोबा ही गोष्ट सांगताना थांबले, पगडी सारखी केली, आणि म्हणाले, मी या देशात आलो तेव्हा कारखान्यातल्या गोऱ्या मित्रानं पहिल्या आठवड्यात मला हीच गोष्ट सांगितली होती.

शेवटच्या दहा मिनिटांत लीफ्स एका गोलनं पुढे. दोनेक मिनिटं उरली तेव्हा बफेलोनं गोलरक्षकाला बाहेर बोलावलं आणि त्याच्या जागी सहावा हल्लेखोर आत घातला. मागचा गोल सताड उघडा. आपल्याकडेही आता हे करतात, पण बर्फावर त्याची धार वेगळीच आहे, कारण एक चुकीचा पास आणि पक घसरत साठ मीटरवरच्या मोकळ्या गोलमध्ये. बफेलोच्या सहा जणांनी लीफ्सना त्यांच्या भागातून हलू दिलं नाही. फटका, अंगावर, पुन्हा फटका, पोस्टला. मी कधी उभी राहिले मला आठवत नाही. शेवटी लीफ्सच्या एका पोरानं फळीला टेकवून पक सोडवला आणि लांबून सोडून दिला. तो सावकाश, सरळ, रिकाम्या गोलमध्ये गेला. बरोबरी झाली असती तर पाच मिनिटं जादा, तीन विरुद्ध तीन, आणि तरीही तोड निघाली नाही तर एकेकट्यानं गोलरक्षकावर चाल.

परतताना लगेच स्टेशनाकडे धावू नका. पंधरा-वीस मिनिटं आपल्या जागेवर बसून राहिलं की जिन्यांवरची गर्दी ओसरते. गो ट्रेनचं वेळापत्रक मात्र आधीच बघून ठेवा, रात्री गाड्या विरळ होतात.

दिवस हाताशी असेल तर याच परिसरात, यंग आणि फ्रंट रस्त्याच्या कोपऱ्यावर, 1885 च्या जुन्या बँकेच्या इमारतीतलं हॉकी हॉल ऑफ फेम बघा. लॉर्ड स्टॅनलींनी 1892 साली दिलेला मूळ चांदीचा वाडगा बँकेच्या जुन्या तिजोरीत ठेवला आहे. लीफ्सचं 1931 ते 1999 पर्यंतचं घर कार्लटन रस्त्यावर आहे. तिथं आता खाली किराण्याचं मोठं दुकान आहे आणि पूर्वीच्या मैदानाचा मध्यबिंदू फरशीवर लाल ठिपक्यानं दाखवला आहे.

आणि लीफ्सचं तिकीट परवडलं नाही म्हणून हॉकीच बघायची नाही, असं करू नका. त्यांचा दुय्यम संघ मार्लीज आणि टोरांटोचा व्यावसायिक महिला संघ सेप्टर्स, दोघांचे बरेच सामने एक्झिबिशनच्या मैदानात कोका-कोला कोलिझियममध्ये होतात. तिकीट बरंच कमी आणि बर्फ खूप जवळ. व्यावसायिक महिला लीगचा पहिला हंगाम 2024 च्या जानेवारीत सुरू झाला, आणि दुसऱ्याच महिन्यात टोरांटो-माँट्रियल सामना याच मोठ्या स्कोशियाबँक अरीनात ठेवला तेव्हा 19,285 लोक आले. आमच्या वेळी जिल्ह्याचा अंतिम सामना बघायला खेळाडूंचे आईवडीलसुद्धा पुरते येत नसत. पुढच्या महिन्यात सेप्टर्सच्या सामन्याची तिकिटं काढली आहेत, नातीच्या संघातल्या चार मुली बरोबर आहेत. गो ट्रेननं युनियनच्या आधीचं स्टेशन, एक्झिबिशन, तिथं उतरायचं.